पालिका गेली, वस्ती राहिली

१ जानेवारी १९४९ रोजी सिडनीला लागून असलेल्या आठ नगरपालिका एका कायद्याने संपल्या. अलेक्झांड्रिया, डार्लिंग्टन, अर्स्किनव्हिल, ग्लीब, न्यूटाउन, पॅडिंग्टन, रेडफर्न आणि वॉटर्लू. प्रत्येकीला आपला नगराध्यक्ष होता, आपला टाउन हॉल होता, रस्त्यांची, दिव्यांची आणि गटारांची आपापली भांडणे होती. त्या दिवसापासून हे सारे सिडनी महापालिकेत विलीन झाले. न्यू साउथ वेल्स राज्यात तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. या आठही वस्त्यांत कामगारांची दाट वस्ती होती. त्यांची मते शहराच्या मतदारयादीत आली की महापालिका आपल्या हाती येईल हा हिशेब सगळ्यांनाच दिसत होता, आणि पुढची सुमारे वीस वर्षे तो खरा ठरला.

१९६५ मध्ये राज्यात रॉबर्ट अ‍ॅस्किन यांचे लिबरल सरकार आले. त्याने १९६७ मध्ये सिडनी महापालिका बरखास्त केली आणि १९६८ मध्ये हद्दी नव्याने आखल्या. जोडलेल्या वस्त्या शहरातून पुन्हा काढल्या गेल्या. ग्लीब शेजारच्या लायकार्ट नगरपालिकेच्या पदरात पडले. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, ते परत सिडनी महापालिकेकडे आले. ज्या घरात आजी जन्मली त्याच घरात नात राहत असेल, तर तीन पिढ्यांच्या करपावत्यांवर कारभाऱ्याचे नाव तीनदा बदललेले दिसेल.

मराठी वाचकाला यात परके असे काही वाटू नये. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा गावे आली, २०२१ मध्ये तेवीस. त्या अकरांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा अंतिम निर्णय २०२४ मध्ये झाला. मुंबईची हद्द १९५० मध्ये वाढली, १९५७ मध्ये पुन्हा वाढली, आणि वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची गावठाणे महानगराच्या पोटात गेली. आपल्याकडे हद्दवाढीची चर्चा मिळकतकर, टँकर आणि कचरा डेपो यांच्यापलीकडे क्वचितच जाते. त्या गावात जुने काय आहे, ते कोणाचे आहे आणि उद्या कोण सांभाळणार, हे विचारायला कोणाला सवड नसते. ग्लीबमध्ये ते विचारले गेले, आणि विचारणारे तिथलेच रहिवासी होते.

चर्चचे इनाम

सिडनीच्या मध्यभागापासून ग्लीब जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. एका बाजूला ब्लॅकवॉटल खाडी, दुसऱ्या बाजूला जॉन्स्टन्स ओढा आणि रोझेल खाडी, मध्ये वालुकाश्माचा लांबट उंचवटा. हा गॅडिगल आणि वांगल या मूळनिवासी लोकांचा प्रदेश. १७८८ मध्ये ब्रिटिश कैद्यांना घेऊन पहिला जहाजांचा ताफा आला. त्यासोबत रिचर्ड जॉन्सन नावाचे धर्मगुरू होते. गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी चर्चच्या आणि धर्मगुरूच्या निर्वाहासाठी ४०० एकर जमीन तोडून दिली. आपल्या देवस्थान इनामासारखीच ही व्यवस्था होती, इंग्रजीत अशा जमिनीला ‘ग्लीब’ म्हणतात, आणि तेच वस्तीचे नाव होऊन बसले. जॉन्सन मात्र खूश नव्हते. या चारशे एकरांचे आपण चारशे पेन्सही देणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

१८२८ मध्ये पैशांची गरज पडल्यावर चर्चने ही जमीन २८ तुकड्यांत विकायला काढली. समुद्राचा वारा येणारी, खाडीकाठची उंच जागा श्रीमंतांनी घेतली. शहराकडचे सखल भाग, सेंट फिलिप आणि बिशपथॉर्प, चर्चने स्वतःकडे ठेवले आणि पुढे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांवर दिले. त्या एका व्यवहाराने ग्लीबचे दोन भाग झाले. टोकाला बागांतले बंगले आले आणि ब्रॉडवे रस्त्याच्या बाजूला मजुरांची घरे. आजही ग्लीब पॉइंट रोडवर ब्रॉडवेपासून चालत गेले तर दोन शतकांपूर्वीचा तो लिलाव पायांखाली कळत राहतो. घरे मोठी होत जातात, अंगणे रुंदावतात, झाडे वाढतात.

बंगल्यांची स्थित्यंतरे

त्या श्रीमंतांनी बंगले बांधून घेतले ते जॉन व्हर्ज या त्या काळच्या नामांकित वास्तुविशारदाकडून. लिंडहर्स्ट हा त्यानेच रचलेला बंगला १८३० च्या दशकात डॉ. जेम्स बोमन यांच्यासाठी उभा राहिला. बोमन हे वसाहतीतले मोठे शल्यचिकित्सक आणि ऑस्ट्रेलियातील मेंढपाळीचे अग्रणी जॉन मॅकार्थर यांचे जावई. १८४० च्या दशकातल्या मंदीने बोमन बुडाले आणि घर हातातून गेले. तिथे आधी अँग्लिकन धर्मशास्त्राचे महाविद्यालय आले, मग १८५२ पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या कॅथलिकांची शाळा. शाळा बंद पडल्यावर भोवतालची जमीन प्लॉट पाडून विकली गेली, इमारतीत भिंती घालून भाडेकरू ठेवले गेले, छोटे उद्योग शिरले. एका डॉक्टरचा महाल शंभर वर्षांत ओळखू येईनासा झाला.

टॉक्स्टेथ पार्कचे नशीब वेगळे. वकील जॉर्ज अ‍ॅलन यांच्यासाठी व्हर्जने तो बांधला. त्यांचे चिरंजीव जॉर्ज विग्रम अ‍ॅलन हे १८५९ मध्ये स्थापन झालेल्या ग्लीब नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष. सलग १८ वर्षे ते त्या पदावर राहिले. १९०१ मध्ये गुड समॅरिटन संघाच्या ननांनी हा बंगला घेतला आणि तिथे मुलींची शाळा थाटली. सेंट स्कोलास्टिकाज कॉलेज आजही तिथेच भरते. इमारत वाचली ती तिचा उपयोग कधी थांबला नाही म्हणून.

तिसरे घर बिडुरा. सिडनी विद्यापीठाची मुख्य इमारत रचणाऱ्या एडमंड ब्लॅकेट यांनी ते १८६० च्या सुमारास स्वतःला राहण्यासाठी बांधले. बिशपथॉर्पचे सेंट जॉन्स चर्चही त्यांचेच. १९२० पासून मात्र बिडुरा सरकारी ताब्यातल्या मुलांचे निवारागृह झाले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तसे राहिले. आईवडिलांपासून तोडलेली मुले इथे आणली जात, इथून दुसरीकडे पाठवली जात. अशा संस्थांत वाढलेल्या लाखो ऑस्ट्रेलियनांची पंतप्रधान केविन रड यांनी १६ नोव्हेंबर २००९ रोजी देशाच्या वतीने माफी मागितली. बिडुराच्या कमानी देखण्या आहेत. त्या पाहताना तिथे रडलेल्या मुलांची आठवण ठेवणे हाही वारशाचाच भाग आहे. वास्तूचे सौंदर्य तेवढे सांगायचे आणि तिच्यात जे घडले ते झाकायचे, याला जतन म्हणता येत नाही.

नगरपालिकेचा टाउन हॉल सेंट जॉन्स रोडवर आहे. अ‍ॅम्ब्रोज थॉर्नली यांच्या आराखड्यानुसार तो १८८० मध्ये पुरा झाला. पालिका गेल्यावर अशा इमारतींचे काय होते हे आपण जाणतो. दप्तर हलते, कुलूप लागते, पुढे जागेला भाव येतो. ग्लीबचा टाउन हॉल सिडनी महापालिकेने दुरुस्त करून पुन्हा सभा-समारंभांसाठी खुला केला आहे.

एका ओळीतली घरे

ग्लीबचा खरा चेहरा मात्र बंगल्यांत नाही. तो आहे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या टेरेस घरांत. सामायिक भिंती, अरुंद दर्शनी भाग, रस्त्याकडे छोटी गॅलरी, तिला ओतीव लोखंडाचे जाळीदार कठडे, मागे चिमुकले परसू आणि त्यापलीकडे मैला नेणाऱ्यांसाठी ठेवलेली बोळ. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथली शेजारधर्माची रीत लगेच कळेल. भिंत एकच असली की दोन घरांची सुखदुःखे फार वेगळी राहत नाहीत.

या घरांत गोदीतले हमाल, लाकूडवखारींतले कामगार, कत्तलखान्यात राबणारे, गाडीवान राहत. ब्लॅकवॉटलचा दलदलीचा भाग भरून वेंटवर्थ पार्क झाले, खाडीकाठाने लाकडाच्या वखारी वाढल्या. चर्चच्या जमिनीवरचे जुने दीर्घ भाडेपट्टे विसाव्या शतकाच्या मध्याला संपत आले तेव्हा ती घरे थकलेल्या अवस्थेत चर्चकडे परतली. दुसऱ्या महायुद्धापासून भाडेनियंत्रण लागू होते. भाडे तुटपुंजे, दुरुस्तीला पैसा नाही, त्यामुळे छपरे गळू लागली. मुंबईतल्या पागडीच्या इमारती ज्या कारणाने खचल्या, त्याच कारणाने ग्लीबची घरेही खचत होती.

देऊळ आणि कायदा

एडवर्ड स्ट्रीटवर, खाडीच्या बाजूला, एक चिनी देऊळ आहे. ग्वांगडोंग प्रांतातील चार तालुक्यांतून आलेल्या लोकांनी ते १८९८ मध्ये उभारले, म्हणून त्याचे नाव सी यप. मुख्य देवता क्वान ती, निष्ठा आणि सचोटी यांचा देव. इथे येणारे बहुतेक जण भाजीमळेवाले, सुतार आणि छोटे व्यापारी होते. बायका-मुले मायदेशी, आणि आधाराला हे एक देऊळ.

याच ग्लीबमध्ये १८ जानेवारी १८४९ रोजी एडमंड बार्टन यांचा जन्म झाला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एकसंध राष्ट्र झाले आणि बार्टन त्याचे पहिले पंतप्रधान. त्यांच्याच सरकारने त्याच वर्षी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्ट आणला. परदेशी माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून नापास करायचे आणि बंदरातूनच परत धाडायचे, अशी त्यातली तरतूद. चिनी, भारतीय आणि सर्वच आशियाई माणसांना देशात येण्याची वाट त्या कायद्याने अनेक दशके बंद केली. आज सिडनीत हजारो मराठी कुटुंबे गणेशोत्सव आणि दिवाळी साजरी करतात. ती इथे येऊ शकली ते हे धोरण १९७० च्या दशकात पूर्णपणे मोडीत निघाले म्हणून.

सी यप देवळाने तो सारा काळ काढला. १९५० च्या दशकात आग लागली, २००८ मध्ये पुन्हा लागली, आणि दोन्ही वेळा समाजाने वर्गणी आणि श्रम घालून ते उभे केले. आज ते राज्याच्या वारसा यादीत आहे. ज्यांना देशाने नको म्हटले त्यांची वास्तू देशाचा वारसा ठरली. ग्लीबमधल्या सर्व इमारतींत मला ही सर्वांत मोठी वाटते.

द्रुतगती मार्ग आणि रहिवासी

विसाव्या शतकाच्या मध्यापासून सिडनीच्या नियोजनकर्त्यांच्या नकाशांवर ग्लीबमधून जाणारे द्रुतगती मार्ग आखलेले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रत्यक्षात येण्याची चिन्हे दिसू लागली. रस्तेविभाग घरे ताब्यात घेऊ लागला. लिंडहर्स्टही रेषेत येत होते. नकाशा काढणाऱ्यांच्या लेखी ग्लीब ही झोपडपट्टी होती, आणि झोपडपट्टी साफ होणे म्हणजे प्रगती.

१९६९ मध्ये रहिवाशांनी ग्लीब सोसायटी स्थापन केली. कलेतिहासकार बर्नार्ड स्मिथ तिचे पहिले अध्यक्ष. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी केट यांनी रस्त्यारस्त्याने फिरून घराघराची छायाचित्रे घेतली, बांधणीच्या शैली नोंदवल्या, आणि १९७३ मध्ये ग्लीबच्या वास्तुरूपावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात तोवर मोठे बंगले, चर्च आणि सरकारी इमारती यांवर लिहिले जाई. एका सामान्य उपनगराच्या कठड्यांवर, जिन्यांवर आणि खिडक्यांवर इतक्या गांभीर्याने क्वचितच कोणी लिहिले होते. या नोंदींनी लढ्याला पाया दिला. हे पाडू नका असे म्हणण्यासाठी हे काय आहे ते आधी सांगता यावे लागते.

त्यांच्या बाजूला उभे राहिले बांधकाम मजूर. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील न्यू साउथ वेल्सच्या बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनने १९७१ पासून एक भूमिका घेतली होती. रहिवाशांचा विरोध असेल तिथे संघटनेचा एकही मजूर पाडकामाला किंवा बांधकामाला हात लावणार नाही. या बहिष्काराला ‘ग्रीन बॅन’ म्हणू लागले. सिडनीतली कितीतरी जुनी ठिकाणे त्यामुळे टिकली, आणि ग्लीबमधल्या द्रुतगती मार्गावरही असाच बहिष्कार पडला. पगार बुडवून, अटक पत्करून मजुरांनी मध्यमवर्गीय प्राध्यापक आणि गरीब भाडेकरू यांना साथ दिली. गिरणी कामगारांच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत त्यांना या एकजुटीची किंमत समजावून सांगायला नको. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लीबमधला द्रुतगती मार्ग रद्द झाला. १९७७ मध्ये राज्याने वारसा कायदा केला. लिंडहर्स्टची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि पुढे काही वर्षे राज्याच्या ऐतिहासिक घरांच्या न्यासाचे कार्यालय तिथे होते.

घरांसोबत माणसेही

या साऱ्या घटनांतली सर्वांत विलक्षण १९७४ ची. चर्चला आपली जुनी इनामी जमीन विकायची होती. ती खासगी बिल्डरकडे गेली असती तर हजारो भाडेकरू रस्त्यावर आले असते. गफ व्हिटलम यांच्या केंद्र सरकारने सातशेहून अधिक घरांची ही सारी मिळकत पावणेदोन कोटी डॉलरला विकत घेतली. नगरविकास मंत्री टॉम युरेन यांनी त्यामागचा विचार स्पष्ट केला होता. घरे दुरुस्त करायची, पण राहणाऱ्यांना हलवायचे नाही. भाडे परवडेल तेवढेच ठेवायचे. जुने कठडे, जुने छज्जे शक्य तिथे परत बसवायचे, आणि मोकळ्या प्लॉटवर नवे घर बांधले तर ते शेजाऱ्याच्या उंचीला आणि मापाला जुळते बांधायचे. सरकारने गरिबांच्या वस्तीला वारसा मानून तिच्यावर पैसा खर्च करावा, हे त्या देशात तोवर झाले नव्हते.

त्याच वर्षी मार्चमध्ये, वेस्टमोरलंड स्ट्रीटवर, चर्चच्या मिळकतीतली दोन ओस पडलेली घरे स्त्रीमुक्ती चळवळीतल्या काही स्त्रियांनी कुलूप तोडून ताब्यात घेतली. अ‍ॅन समर्स त्यांच्यात होत्या. नवऱ्याच्या मारहाणीतून निसटलेल्या बायकांना मुलांसह राहायला जागा हवी होती आणि सरकार ती देत नव्हते. एका घराच्या दर्शनी भागावर ‘एल्सी’ हे नाव होते. तेच या केंद्राचे नाव झाले. ऑस्ट्रेलियातले स्त्रियांसाठीचे हे पहिले आधुनिक आश्रयगृह. ते घर वास्तुशास्त्रदृष्ट्या शेजारच्या घरासारखेच सामान्य आहे. त्याचे मोल तिथे काय घडले यात आहे.

ग्लीबच्या मॅन्सफील्ड स्ट्रीटवर ट्रॅनबी नावाचे एकोणिसाव्या शतकातले घर आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाद्री आल्फ क्लिंट यांनी तिथे मूळनिवासींसाठी सहकारी महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या जमिनीवर हे चारशे एकरांचे इनाम आखले गेले, त्यांच्या शिक्षणाचे केंद्र त्याच जमिनीवर आजही चालते.

कचराभट्टी आणि लखनौ

वारसा यादीत महालच हवेत असे नाही, याचा उत्तम दाखला फॉर्सिथ स्ट्रीटवर आहे. तिथे १९३० च्या दशकात वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्या कार्यालयाने रचलेली पालिकेची कचराभट्टी उभी आहे. कॅनबरा राजधानीचा आराखडा करणारे हेच ग्रिफिन. मंदीच्या काळात मोठी कामे मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी पालिकांसाठी कचराभट्ट्या रचल्या आणि त्याही मन लावून, नक्षीसह रचल्या. १९३५ मध्ये ते लखनौला गेले, तिथे इमारतींचे आराखडे केले, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये तिथेच वारले. त्यांची कबर लखनौला आहे. ग्लीबची भट्टी बंद पडून दशके लोटली, तरी इमारत दुरुस्त करून सार्वजनिक उद्यानात राखली आहे.

थोड्या अंतरावर १९०४ चे ट्राम आगार आहे. ट्राम गेल्या, आगार ओस पडले, तिथे उभ्या असलेल्या ट्रामगाड्या रंगाच्या फवाऱ्यांनी विद्रूप झाल्या. २०१६ पासून तिथे दुकाने आणि खानावळी आहेत. लोखंडी कैच्या, रूळ आणि एक जुनी ट्राम जागेवर ठेवून हा बदल केला गेला.

हिशेब

ग्लीबची गोष्ट निव्वळ विजयाची नाही. १९८५ मध्ये केंद्राने ती घरे राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे सोपवली. पुढे काही सरकारी घरे लिलावात विकली गेली, काही सरकारी इमारती अधिक दाट बांधकामासाठी पाडल्या गेल्या वा पाडण्याच्या यादीत आल्या. जे टेरेस घर १९६० मध्ये झोपडी म्हणून हिणवले जाई, ते आज लाखो डॉलरना जाते. कठडे जपले गेले म्हणून भाव वाढला, आणि भाव वाढला म्हणून ज्यांनी ती वस्ती जिवंत ठेवली त्यांच्या मुलांना तिथे घर घेणे अशक्य झाले. जतनाचा हा धोका खरा आहे. त्यावर १९७४ चाच उपाय आजही लागू पडतो. घर आणि घरातले माणूस या दोन्हींचा विचार एकाच आदेशात व्हायला हवा.

हद्दी तीनदा बदलूनही ग्लीब हे नाव, त्याचा चेहरा आणि त्याची आठवण टिकली, ती तीन गोष्टींमुळे. वस्तीने स्वतःची नोंद स्वतः केली. मजूर आणि सुशिक्षित एकत्र उभे राहिले. आणि एकदा तरी सरकारने सामान्य घरांना सार्वजनिक ठेवा मानले. यातली पहिली गोष्ट करायला सरकार लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. देशातल्या शहरांत ती पहिली होती. तरीही गिरगावातल्या खोताच्या वाडीत एकामागून एक जुनी घरे गेली, कारण यादी कागदावर राहिली आणि घरमालकाला दुरुस्तीसाठी आधार मिळाला नाही. पुण्यात आलेल्या नव्या गावांत तर यादी करण्याआधीच टॉवर उभे राहत आहेत. तिथली वेस, चावडी, बारव, दगडी चौथऱ्यावरची तालीम, पाटलांचा वाडा, महारवाड्यातले बुद्धविहार, दर्गा, जुनी जिल्हा परिषदेची शाळा, यांची छायाचित्रांसह नोंद कोणत्या कार्यालयात आहे?

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला माझे एक सांगणे आहे. तुमचे गाव शहरात गेले असेल किंवा जाणार असेल, तर येत्या सुटीत चार शेजारी सोबत घ्या, गावठाणातून फिरा, प्रत्येक जुन्या वास्तूचे छायाचित्र काढा, ती कोणी बांधली, तिथे काय घडले, आज कोण राहते हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरासोबत, एक महापालिकेच्या वारसा कक्षात नोंद करून द्या. विकास आराखडा जाहीर झाल्यावर हरकती नोंदवायला मिळतात ते दिवस फार थोडे असतात. तेव्हा तुमच्या हातात ही वही असली पाहिजे.